कपबशी, शिट्टी आणि उम्म अल कुवैन

दुबईहून परत आलो तेव्हा आमच्या गावच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी माझ्याकडे चार लेख मागितले. उंट, वाळू, सोन्याचा बाजार आणि समारोप. मी एकच दिला. त्यातला वाळूचा भाग त्यांना पसंत पडला, बाकीचा "सवडीनं पाहू" म्हणाले. संपादकांची सवड म्हणजे काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मध्ये एक निवडणूक होऊन गेली, लेखाला शेवटही मिळाला, सवड काही मिळाली नाही. म्हणून हा मजकूर मी आपल्या हिमतीवर छापतो आहे. वाळू यातही आहे, पण केवळ वाळूसाठी कुणी हे वाचू नये.

शहराचं नाव लिहीत नाही. कोकणातलं, खाडीकाठचं, ना लहान ना मोठं. ज्यांना ओळखायचं ते पहिल्या पानावरच ओळखतील आणि माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. या वयात बोलणारे जितके कमी तितकी झोप बरी लागते.

मी साळवी. शाळेत भूगोल शिकवायचो. नगरपालिकेची निवडणूक आली की प्रभागांचा नकाशा काढून, कुठली गल्ली कुणीकडे झुकणार याचा अंदाज साप्ताहिकात लिहायचो. अंदाज बरोबर यायचे. लोक मला 'अंदाजमास्तर' म्हणायचे आणि मला ते आवडायचं. एक्क्याण्णव सालच्या निवडणुकीत मात्र माझा अंदाज चुकला. शिट्टी चिन्हाची आघाडी येणार असं मी लिहिलं होतं. बंदर मोहल्ल्याची पेटी उघडली आणि आतून जवळजवळ सगळी मतं कपबशीची निघाली. त्या एका जागेवर नगरपालिका कपबशीकडे गेली. पुढच्या अंकात मी लिहिलं: 'मोहल्ल्याच्या पुढाऱ्यांनी एका इशाऱ्यावर मतं बांधून दिली. बंदर मोहल्ल्याचा गठ्ठा फुटला नाही, शहर मात्र फुटलं.'

वाक्य गाजलं. न्हाव्याच्या दुकानापासून वकिलांच्या खोलीपर्यंत लोक ते म्हणत. माझ्याच वाक्याची मला इतकी ऐट होती की ते खरं आहे की नाही हे पाहायला मी मोहल्ल्यात कधी गेलो नाही.

अल मनखूल

शहाण्णवच्या जानेवारीत मुलीनं बोलावलं म्हणून गेलो. विमानाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की ते उतरलं.

माझी मुलगी नीला आणि जावई श्रीधर बर दुबईत, अल मनखूल नावाच्या जुन्या वस्तीत राहतात. इमारतीत इतकी भारतीय कुटुंबं की सकाळी जिन्यात फोडणीच्या वासावरून मजला ओळखावा. खाली बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान. नीला तिथे फोन करून कोथिंबिरीची एक जुडी मागवायची आणि माणूस ती घेऊन वर यायचा. "अगं, मी जाऊन आणतो," म्हटलं तर म्हणाली, "बाबा, इथे असं कुणी जात नाही." मी गेलो. दुकानदार केरळचा होता. त्यानं मला जुडी दिली आणि वर हिंदीत विचारलं, "फोन खराब है क्या, चाचा?"

नात सई मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. "शाळेत काय शिकवलं आज?" "नथिंग, आजोबा." हे उत्तर मात्र माझ्याही शाळेतली मुलं द्यायची, मराठीत.

मला सगळ्यात चुकल्याचुकल्यासारखं झालं ते भिंती पाहून. स्वच्छ, कोऱ्या. कुठे चिन्ह नाही, 'यांनाच विजयी करा' नाही, अर्धवट पुसलेलं जुनं नाव नाही. आमच्याकडे भिंत म्हणजे वस्तीचं मन. ती वाचता आली की निम्मा अंदाज झाला. इथे मी वाचता न येणाऱ्या माणसासारखा फिरत होतो.

पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नीलाच्या दिवाणखान्यात मराठी मंडळी जमली आणि माझा जीव भांड्यात पडला. पंधरा-पंधरा वर्षं ज्यांनी मत दिलं नव्हतं असे लोक आपापल्या गावचा नगराध्यक्ष ठरवत होते. नुसते ठरवत नव्हते, फोन लावत होते.

"आईला सांगून टाकलं, खलास. घरची चारही मतं आपल्याकडे."

"आईनं ऐकलं?"

"ऐकेल ना! इन्शाल्ला."

हा इन्शाल्ला मला तिथे पहिल्या दिवसापासून छळत होता. नळवाला उद्या येणार का? इन्शाल्ला. टॅक्सी तिकडे जाईल का? इन्शाल्ला. होय म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, शिवाय राग धरायलाही जागा ठेवत नाहीत. मी नीलाला म्हटलं, हा शब्द आपल्याकडे असता तर एकही अंदाज लिहिता आला नसता. हे मी थट्टेनं म्हटलं होतं.

खाडीवर

दुबईलाही खाडी आहे. या काठावर बर दुबई, त्या काठावर देरा, आणि मध्ये अब्रा नावाच्या लाकडी होड्या. मध्यभागी फळी, तिच्यावर पाठीला पाठ लावून माणसं बसतात. अर्धा दिरहम, म्हणजे पाचेक रुपये, आणि पलीकडे. साहेब, हमाल, पठाण, आमच्यासारखे पाहुणे, सगळे त्याच फळीवर. मी मीना बाजारात सईसाठी परकराचं कापड घेतलं होतं, पिशवी मांडीवर होती आणि मी खुशीत होतो.

अब्रा मध्यावर आली तेव्हा पाठीमागून आवाज आला. "सर? साळवी सर?"

वळून पाहिलं. चाळिशीचा माणूस, छाटलेली दाढी, बुटांवर सिमेंटची पांढरी पूड.

"वळखलंत नाय? इक्बाल मुकादम. नकाशात श्रीलंका उलटी काढलेली. तुमी वहीच उलटी धरलीत आनि म्हनालात, आता भारत सरळ कर."

ओळखलं. इक्बाल बंदर मोहल्ल्याचा. खाडीच्या मध्यावर माणसाला उठून जाता येत नाही, नाहीतर खरं सांगतो, मी गेलो असतो.

तो उम्म अल कुवैनला सिमेंटच्या विटांच्या कारखान्यात फोरमन होता. दुबईच्या पुढे शारजा, त्यापुढे अजमान, त्यापुढे ते छोटं अमिरात. मोहल्ल्यातली बरीच माणसं त्याच कारखान्यात होती.

"शुक्रवारी जेवायला या, सर. न्यायला गाडी आनतो. रशीदा पन आलीय, माझी बायको, व्हिजिटवर. सगळे खूश होतील."

"सगळे म्हणजे?"

"आमी मोहल्लेवाले. एकाच आवारात राहतो." तो हसला. "गठ्ठ्यानं."

अब्रा काठाला टेकली. त्यानं माझी पिशवी धरली, मला हात देऊन उतरवलं आणि पिशवी परत दिली. हसण्यात टोमणा होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणूनच तो लागला.

नीला म्हणाली, "बाबा, नका जाऊ. त्यांना तो लेख आठवत असणार."

"मलाही आठवतो," मी म्हटलं. "आणि मी काही खोटं लिहिलं नव्हतं. पेटीतलं बघून लिहिलं होतं."

उम्म अल कुवैन

इक्बालनं पिकअप आणली. "यल्ला, सर," म्हणून दार उघडलं. शारजाची गर्दी संपली, अजमान मागे पडलं आणि मग ती वाळू आली जिच्यासाठी संपादक आतुर होते. पिवळी नाही ती, फिक्या तांदळाच्या पिठासारखी आहे. वारा सुटला की रस्त्यावरून सापासारखी वळवळत जाते. मध्येच एक उंट रस्त्याकडेला उभा होता. इक्बालनं गाडी हळू केली, "फोटो?" मी म्हटलं, "चल पुढे." उंटांचा लेख माझ्या हातून तिथेच गेला.

पण गावाजवळ आलो आणि मी थांबायला सांगितलं. उजवीकडे वाळवंट आणि डावीकडे खाडी, आणि खाडीत कांदळवन! हिरवंगार, पायात चिखल, मुळं वर आलेली, खेकड्यांची बिळं. ओहोटी होती. तोच कुबट खारा वास. इतक्या लांब येऊन मी आमच्याच बंदरावर उभा होतो.

"सेम ना, सर?" इक्बाल म्हणाला. "मी पयल्यांदा बघितलं तेवा रडलो. कोनाला सांगू नका."

आवार साधं होतं. पत्र्याची शेड, ओळीनं खोल्या, मध्ये सतरंजी. दहा-बारा माणसं, काही माझ्या हातची छडी खाल्लेली. चौकशा झाल्या. आतून तेलात मासा पडल्याचा आवाज आला आणि माझं लक्ष बोलण्यातून उडालं. सुरमई. लसणीचा, कोकमाचा वास. दोन आठवडे नीलाकडे ताजा मासा झाला नव्हता, तिला तिथल्या बाजाराचा वास सहन होत नाही.

ताटं आली. सांदणं, मटण, तळलेली सुरमई. आणि माझ्यापुढे नवं कोरं स्टीलचं ताट. त्यात वालाचं बिरडं, वरण, भात आणि केळं.

"भांडी पन नवीन हायत, सर," इक्बाल अभिमानानं म्हणाला. "मीना बाजारातून आनली. मासा शिवलेला नाय त्यांना."

मी ताटाकडे पाहिलं, मग सुरमईकडे. "अरे, पण मी मासे खातो!"



"तुमी?" दाऊदभाई म्हणाले. ते तिथले सगळ्यात वडीलधारे, कारखान्यातल्या मेसचे आचारी. "सर, तुमच्या डब्यात कायम भाजी. आमच्या पोरांनी वीस वरसं बघितलंन."

"शाळेत मासे आणायचे नाहीत असा नियम होता! घरी रोज असायचे."

"घरी कोन बघायला आलंय? आमी डबा बघितला."

एकदम हशा फुटला. मीही हसलो. कुणीतरी माझ्या ताटात सुरमईचे दोन तुकडे टाकले आणि तेव्हा आतल्या दारातून बाईचा आवाज आला, सरळ, न घाबरलेला.

"मंग सरांनी पन पेटीच बघितली होती ना."

ती रशीदा. हातात सांदणांची परात घेऊन उभी होती. इक्बाल म्हणाला, "अगो, जेवू दे त्यांना."

"जेवू दे की. मी कुठं ताट उचललं?"

मी घास खाली ठेवला. मास्तरकी अंगात मुरलेली असते, त्यामुळे मी आधी भांडलो. म्हटलं, "आकडे मी बनवले नव्हते. मोहल्ल्यातून सगळं कपबशीला गेलं, हे खरं की नाही?"

"खरं," इक्बाल म्हणाला. आता त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "पन सर, बांधून दिलं कोनी? तुमी लिवलंत, मोहल्ल्याच्या पुढाऱ्यांनी. पुढारी म्हंजे आमीच ना, बाप्ये. आनि आमी तर समदे हिते. हितून आमी फोन लावले. सगळ्यांनी ठरवून. काय सांगितलं ठाव हाय? शिट्टीला द्या."

"शिट्टीला?"

"शिट्टीवाल्यानं माझ्या भावाच्या पासपोर्टचं काम केलेलं. मोहल्ल्यात फोन एकच, दुकानात. एकेक बाई आली, समद्यांसमोर होय म्हनाली. आनि पेटीतून निघाली कपबशी. मंग तुमचा लेख आला. कोनीतरी कात्रन पाठवलं. हिते एकमेकांची गचांडी धरली सर, कोनी इकली मतं म्हनून. दाऊदभाई माझ्याशी वरीसभर बोलत नव्हते."

"दीड," दाऊदभाई म्हणाले.

मी रशीदाकडे पाहिलं. त्या निवडणुकीला ती मोहल्ल्यात होती.

"सर, तुमाला साकव ठाव हाय ना?" तिनं विचारलं.

ठाऊक होता. मोहल्ला आणि शहर यांच्यामध्ये खाडीचा फाटा आहे. त्यावर लाकडी साकव होता, फार वर्षांपूर्वी पुरात त्याचा मोहल्ल्याकडचा अर्धा भाग वाहून गेला. शहराकडून निघायचं, मध्यावर साकव संपतो, खाली उतरून ओहोटीच्या चिखलातून पलीकडे. भरतीला सगळंच बंद.

"शिट्टीवाला आला मतं मागायला. साकव संपतो तितं थांबला. बूट घातलेला. चिखल बघितला. तिथूनच हात जोडले आनि गेला. चार दिवसांनी कपबशीवाली बाई आली. चपला काढून हातात घेतल्या, लुगडं खोचलं आनि आली चिखलातून. घरात बसली, चा प्याली. बस. आमी समद्या जनी आपापल्या दारात उभ्या होतो. कोन कोनाला काय बोललं नाय. मी माझ्या सासूला नाय सांगितलं, सासूनं मला नाय. पेटी उघडली तेवा आमालाच कळलं, समद्यांनी तेच केलं."

"मला का नाय सांगितलंस?" इक्बाल म्हणाला.

"तुमी विचारलंत कवा? तुमी सांगत होतात."

 दाऊदभाईंनी भात कालवायला घेतला.

"आनि खरं सांगू सर," रशीदाला आता हसू आवरेना, "समद्याच काय बुटापायी नाय. आमची शेजारीन म्हनाली, बाईमानसानं शिट्टीवर शिक्का मारायचा? लोक काय म्हनतील! आनि माझी मावशी, तिला दिसत नाय नीट, ती म्हनते मला ते इस्त्रीचं चित्र वाटलं."

सगळे हसले. मी हसलो नाही. एका पेटीत किती कारणं होती! चिखल होता, लाज होती, मोतीबिंदू होता. आणि मी त्या सगळ्याला एक दोरी गुंडाळून वर गाठ मारली होती.

"मग कपबशीवाल्या बाईनं साकव का नाही दुरुस्त केला?" मी विचारलं. माझी पडती बाजू सावरायला हा एकच मुद्दा हाताशी उरला होता.

रशीदानं परात खाली ठेवली. "तुमच्यापायी."

"माझ्यापायी?"

"पयलं वरीस ती येत होती. मंग तिच्या मानसांनी तिला सांगितलं, त्यांची मतं आपलीच हायत, गठ्ठा हाय, कुठं जातोय? तितं कशाला पैसा घालता? आनि शिट्टीवाले म्हनतात, त्यांचा गठ्ठा आपल्याला कवाच भेटनार नाय, तितं कशाला जाता? दोगांनी तुमचंच वाक्य म्हटलं, सर. माझी पोर शबाना, आजीकडे हाय, तुमच्याच शाळेत. भरती असली की शाळा बुडते नायतर उशीर. मास्तर उभं करतात वर्गाबाहेर."

वर्गाबाहेर उभं करणारा मास्तर मी होतो. शबानाचा नाही, पण इक्बालचा होतो. तो आठवड्यातून दोनदा उशिरा यायचा आणि मी त्याला दारात उभा करून आत भरती-ओहोटीचा धडा शिकवायचो. चंद्र, पृथ्वी, समुद्र, सगळं फळ्यावर. हे मला सुरमईचं ताट पुढ्यात असताना, परमुलखात, साठी उलटल्यावर कळलं.

"सर, तुमी पुन्हा लिवनार," रशीदा म्हणाली. "ह्या सालाखेरीस निवडनूक हाय. आमचं काय लिवनार?"

"ते वाक्य मी खोडून काढीन."

"इन्शाल्ला," इक्बाल म्हणाला. अगदी अदबीनं.

"इन्शाल्ला नको. पक्कं."

"पक्कं तर शिट्टीवाला पन म्हनालेला," रशीदा म्हणाली, आणि मला आणखी एक सांदण वाढलं.

पुन्हा अल मनखूल

पुढच्या शुक्रवारी नीलाकडे मंडळी जमली. त्यात देसाई म्हणून आमच्याच शहरातले एक कंत्राटदार होते. श्रीधरची निम्मी कामं त्यांच्याकडून येत. शिट्टीच्या आघाडीला त्यांचा इथून मोठा आधार. नीलानं मला आधीच बजावलं होतं, "बाबा, राजकारण नको हं." मी मान डोलावली होती, आणि खरोखरच गप्प बसलो होतो. बटाटेवडे छान झाले होते.

देसाईंनीच काढलं. "काय सर, यंदा काय म्हणतो अंदाज? म्हणजे, बंदर मोहल्ला सोडून. ते तर काय..." आणि सगळ्यांकडे वळून ते मोठ्यानं म्हणाले, "गठ्ठा फुटला नाही, शहर फुटलं! सरांचंच वाक्य, बरं का. आम्ही इथे किती वेळा म्हणतो!"

लोक कौतुकानं माझ्याकडे पाहू लागले. एवढी दाद मला शाळेच्या निरोप समारंभातही मिळाली नव्हती.

"ते वाक्य चुकीचं आहे," मी म्हटलं.

"अहो, विनय पुरे!"

"विनय नाही, देसाईसाहेब. खोटं आहे ते. तुमचा उमेदवार साकवावर बूट सांभाळत उभा राहिला म्हणून पडला. तिथल्या बायकांनी एकेकटीनं ठरवून त्याला पाडला. मी न बघता लिहिलं."

श्रीधर हातात चटणीची वाटी घेऊन तसाच उभा राहिला. देसाईंनी वडा बशीत ठेवला. "सर, तुम्हाला कुणीतरी काहीतरी भरवलेलं दिसतंय."

"भरवलं ना. सुरमई. उत्तम होती."

"त्यांची बाजू घ्यायला तुम्हाला काय पडलंय? आपण आपल्या माणसांत बोलतोय."

"मग आपल्या माणसांतच सांगतो. तुम्ही आत्ता फोन लावून आईला मत सांगता, ती होय म्हणते. इक्बालनंही लावला होता. तुमच्या आईनं शिक्का कुठे मारला ते तुम्हाला ठाऊक आहे?"

 एकाची बायको स्वयंपाकघराच्या दारातून खुदकन हसली आणि नवऱ्यानं वळून पाहिल्यावर आत गेली. तिचा कल कुठे होता हे मी विचारलं नाही. ती सवय मी सोडायला लागलो होतो.

देसाई चहा न घेता गेले. श्रीधर माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलला. त्याचं मला वाईट वाटलं, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न होता आणि मी चार दिवसांचा पाहुणा. पण बोललो याचं वाईट वाटलं नाही. सईनं विचारलं, "आजोबा, डिड यू विन?" मी म्हटलं, "नाही गं, हरलो." ती म्हणाली, "देन व्हाय आर यू स्मायलिंग?"

घरी

परतल्यावर मी संपादकांकडे खुलासा नेला. 'ते वाक्य मी मागे घेतो' असा मथळा. ते म्हणाले, "सर, जुनं उकरून काय मिळणार? तुमचंच हसं होईल." मी म्हटलं, होऊ दे. छापलं नाही त्यांनी. त्या वाक्यावर साप्ताहिकाचा खप वाढला होता, ते कुणाला मागे घ्यायचंय?

वर्षाच्या शेवटी निवडणूक लागली आणि तेच संपादक माझ्या दारात आले. अंदाज हवा होता. मी प्रत्येक प्रभाग लिहून दिला, पूर्वीसारखाच, कल, कारणं, नकाशा. बंदर मोहल्ल्यापुढे दोन शब्द लिहिले: 'माहीत नाही.'

"हे असं छापतात का, सर?" संपादक म्हणाले. "अंदाजमास्तर आणि माहीत नाही?"

"हे छापा, नाहीतर बाकीचाही परत द्या."

नाइलाजानं छापलं. आणि मग गंमत झाली. अटीतटीची लढत, आणि एक प्रभाग असा की ज्याचं काय होणार ते साळवी मास्तरालाही माहीत नाही! जी पेटी कुणाची ते ठरलेलं, तिच्या दारात कोण कशाला जाईल? पण माहीत नसलेल्या पेटीची धास्ती दोघांनाही असते. त्याच आठवड्यात शिट्टीवाला साकवावर आला. मी काठावर उभा होतो, मुद्दाम गेलो होतो. ओहोटी होती. तो फळीच्या टोकाशी थांबला, समोर पाहिलं. पलीकडे दारादारांत बायका उभ्या होत्या. त्यानं वाकून बूट काढले. मोजे काढताना एक हातातून निसटून चिखलात पडला, तो त्यानं तसाच सोडला आणि उतरला. दुसऱ्या दिवशी कपबशीवाली बाई आली, ती मधल्या वर्षांत चिखलातून चालणं विसरली होती, पोटरीपर्यंत रुतली. दोघांनाही चहा मिळाला. दोघांनीही साकवाचं वचन दिलं. दोघांनीही विचारलं, मत आम्हाला ना?

इक्बालच्या आईनं मला नंतर सांगितलं, सगळ्या बायकांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. ज्या शब्दानं मला दुबईत छळलं तो माझ्याच शहरात, साकवापलीकडे, पिढ्यानपिढ्या होता. "इन्शाल्ला," त्या म्हणाल्या.

साकवाचे खांब आता उभे आहेत. फळ्या यायच्या आहेत. शबाना भरतीला अजून अडकते, पण तिला वर्गाबाहेर उभं करत नाहीत. त्यासाठी मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी भांडलो आहे आणि गरज पडली तर पुन्हा भांडेन.

राहिलं एक. त्या वेळी कोण निवडून आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण बंदर मोहल्ल्याच्या पेटीतून किती मतं कुणाची निघाली, हे मला रस्त्यात थांबवून विचारतात. संपादक विचारतात, उम्म अल कुवैनहून इक्बाल फोनवर विचारतो. मतमोजणीला मी हजर होतो. पेटी माझ्यासमोर उघडली. काय निघालं ते मला माहीत आहे.

लिहिणार नाही.